आभासी वास्तव आणि वैज्ञानिक प्रतिमा-विदा : त्रिमितीय आकलनाची शक्ती आणि मर्यादा

सारांश

आधुनिक सूक्ष्मदर्शक, वैद्यकीय स्कॅनर आणि रेडिओ दुर्बिणी यांच्याकडून संशोधकाच्या हाती जे येते ते अवकाशात क्रमाने मांडलेल्या कोट्यवधी संख्यांच्या रूपात असते. या संख्यांचे वाचन बहुधा सपाट पडद्यावर केले जाते आणि त्यात खोलीचे ज्ञान बरेचसे हरवते. आभासी वास्तव या तंत्रामुळे निरीक्षकाला विदेच्या आत उभे राहून, डोके वळवून व हात पुढे करून तिचा शोध घेता येतो. प्रस्तुत लेखात या तंत्रामागील तत्त्व, त्याची वाटचाल, पेशीविज्ञान, चेताविज्ञान व रेडिओ खगोलशास्त्र यांतील त्याचे उपयोजन आणि त्याच्या मर्यादा यांचे विवेचन केले आहे. आभासी वास्तव हे शोधाचे व तपासणीचे प्रभावी साधन आहे, परंतु ते मापनाची जागा घेऊ शकत नाही, हे या लेखाचे प्रमुख प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : आभासी वास्तव, त्रिमितीय प्रतिमा, व्हॉक्सेल, कॉन्फोकल सूक्ष्मदर्शक, चेतापेशी, विदाघन, दृश्यीकरण.

१. प्रस्तावना

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात एका रुग्णाच्या मेंदूचा पहिला सीटी स्कॅन घेण्यात आला. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी विकसित केलेल्या त्या यंत्राने मेंदूच्या एका छेदाचे चित्र ८० × ८० अशा ६,४०० बिंदूंत मांडले होते. या कार्यासाठी हाउन्सफील्ड आणि ॲलन कॉर्मॅक यांना १९७९ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या सीटी स्कॅनमधील एक छेद सामान्यतः ५१२ × ५१२ बिंदूंचा असतो. असे ५०० छेद घेतले तर एकाच तपासणीतून १३ कोटींहून अधिक बिंदू हाती येतात.

प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकांच्या बाबतीत ही वाढ याहूनही मोठी आहे. २०२४ मध्ये मानवी मेंदूच्या बाह्यकातील सुमारे एक घन मिलिमीटर ऊतीचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकीय चित्रण प्रसिद्ध झाले. मोहरीच्या दाण्याहून लहान असलेल्या या तुकड्याची विदा १.४ पेटाबाइट, म्हणजे १४ लाख गिगाबाइट इतकी होती.

निरीक्षण गोळा करण्याची क्षमता अशा रीतीने वाढत गेली, तरी ते पाहण्याची रीत मात्र फारशी बदलली नाही. छेद एकामागून एक पडद्यावर सरकवणे आणि त्यांतून संपूर्ण आकृती मनात उभी करणे हीच पद्धत बहुसंख्य ठिकाणी रूढ आहे. ही मानसिक जुळवणी अनुभवी तज्ज्ञाला साधते. विद्यार्थ्याला ती साधण्यास दीर्घ काळ लागतो आणि रचना अतिशय गुंतागुंतीची असेल तर तज्ज्ञालाही ती अवघड जाते. या अडचणीवर उपाय म्हणून आभासी वास्तवाकडे पाहिले जात आहे.

२. लेखाची उद्दिष्टे व व्याप्ती

१) त्रिमितीय वैज्ञानिक विदेचे स्वरूप आणि सपाट पडद्याची मर्यादा स्पष्ट करणे.
२) विदेपासून आभासी दृश्यापर्यंतची प्रक्रिया समजावून देणे.
३) निवडक ज्ञानशाखांतील उपयोजनांचा आढावा घेणे.
४) या तंत्राचा वापर करताना घ्यावयाची दक्षता आणि महाविद्यालयीन अध्यापनातील त्याचे स्थान यांचा विचार करणे.

लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून मनोरंजन, संगणकीय खेळ व व्यावसायिक प्रशिक्षण यांतील आभासी वास्तवाचा विचार येथे केलेला नाही.

३. प्रतिमेकडून विदेकडे

सपाट चित्राचा सर्वांत लहान घटक म्हणजे पिक्सेल. त्याला खोलीची जोड दिली की व्हॉक्सेल हा त्रिमितीय घटक मिळतो. साखरेच्या लहान लहान चौकोनी वड्या रचून एक मोठा ठोकळा तयार करावा आणि प्रत्येक वडीवर एक संख्या लिहावी, अशी कल्पना केल्यास त्रिमितीय विदेचे चित्र डोळ्यांपुढे येते. सीटी स्कॅनमध्ये ही संख्या क्ष-किरण शोषण्याची क्षमता दर्शवते. हाउन्सफील्ड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोजपट्टीवर पाण्याचे मूल्य शून्य आणि हवेचे उणे १,००० धरले जाते. अस्थींची मूल्ये त्याहून बरीच वर असतात. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकात ही संख्या त्या ठिकाणच्या प्रतिदीप्त रंगद्रव्याकडून आलेल्या प्रकाशाची तीव्रता सांगते.

कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाची मूळ कल्पना मार्व्हिन मिन्स्की यांची असून त्यांनी १९५७ मध्ये तिच्या एकस्वासाठी अर्ज केला होता. नमुन्यातील एकाच पातळीवरून आलेला प्रकाश एका सूक्ष्म छिद्रातून स्वीकारायचा आणि वरच्या-खालच्या पातळ्यांवरून येणारा धूसर प्रकाश अडवायचा, हे त्याचे तत्त्व आहे. त्यामुळे नमुना प्रत्यक्ष न कापता त्याचे प्रकाशीय छेद मिळतात. २,०४८ × २,०४८ बिंदूंचे ३०० छेद घेतले तर सुमारे १२५ कोटी व्हॉक्सेल होतात आणि प्रत्येकासाठी दोन बाइट धरल्यास एका रंगाचीच विदा अडीच गिगाबाइटच्या घरात जाते. सजीव पेशीचे चित्रण ठरावीक अंतराने पुनःपुन्हा केले, तर त्यात काळाची चौथी मिती मिळते.

४. सपाट पडद्याची मर्यादा

मानवी दृष्टीला खोली अनेक खुणांवरून कळते. दोन डोळ्यांत सरासरी सहा सेंटिमीटरहून थोडे अधिक अंतर असते आणि त्यामुळे दोघांना किंचित भिन्न दृश्ये दिसतात. मेंदू या भेदावरून अंतराचा अंदाज बांधतो. चार्ल्स व्हीट्स्टन यांनी १८३८ मध्ये त्रिमितिदर्शकाच्या साहाय्याने हे तत्त्व सप्रयोग दाखवून दिले. दुसरी महत्त्वाची खूण म्हणजे गतिजन्य पराशय. डोके हलवले की जवळच्या वस्तू अधिक आणि दूरच्या वस्तू कमी सरकताना दिसतात. धावत्या आगगाडीच्या खिडकीतून दिसणारे तारेचे खांब आणि दूरचा डोंगर हे त्याचे परिचित उदाहरण होय. याशिवाय एका वस्तूआड दुसरी झाकली जाणे, सावली आणि परिचित आकार याही खुणा असतात.

सपाट पडद्यावर यांपैकी पहिली खूण उपलब्ध नसते आणि दुसरी माउसने चित्र फिरवून अप्रत्यक्षपणे मिळवावी लागते. वैज्ञानिक विदेत आणखी एक अडचण येते. पारदर्शक पेशीतील तंतूंना परिचित आकार नसतो, सावली नसते आणि कोण कोणाआड आहे हेही निश्चित सांगता येत नाही. दोन तंतू पडद्यावर एकमेकांना छेदताना दिसले, तर ते खरोखर एकमेकांना भिडले आहेत की एक दुसऱ्याच्या मागून गेला आहे, हा प्रश्न अनिर्णित राहतो. चेतापेशींच्या अभ्यासात मात्र नेमका हाच प्रश्न कळीचा असतो, कारण जोडणी आहे की नाही यावर संपूर्ण निष्कर्ष अवलंबून असतो.

५. आभासी वास्तवाची वाटचाल

डोक्यावर धारण करावयाच्या दृश्यपटलाची कल्पना नवी नाही. आयव्हन सदरलँड यांनी १९६५ मध्ये तिची वैचारिक मांडणी केली आणि १९६८ मध्ये असे उपकरण प्रत्यक्ष चालवून दाखवले. ‘व्हर्च्युअल रिॲलिटी’ ही संज्ञा १९८० च्या दशकात जॅरन लॅनियर यांच्यामुळे प्रचारात आली. पुढच्या दशकाच्या आरंभी अमेरिकेच्या नासा एम्स संशोधन केंद्रात ‘आभासी वातबोगदा’ तयार करण्यात आला. विमानाभोवतीच्या हवेच्या प्रवाहाची संगणकाने काढलेली विदा त्यात हाताने चाचपून पाहता येत असे. १९९२ मध्ये शिकागो येथील इलिनॉय विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने ‘केव्ह’ ही रचना सादर केली. खोलीच्या भिंतींवर व जमिनीवर त्रिमितीय दृश्ये प्रक्षेपित करून निरीक्षकाला त्यांच्या मध्यभागी उभे करण्याची ही पद्धत होती.

ही सर्व साधने मोठ्या संस्थांच्याच आवाक्यातील होती. या परिस्थितीत २०१६ मध्ये मोठा फरक पडला. त्या वर्षी ऑक्युलस रिफ्ट व एचटीसी व्हाइव्ह हे शिरस्त्राणासारखे संच सर्वसामान्य ग्राहकांसाठी बाजारात आले. ते मुख्यतः संगणकीय खेळांसाठी बनवले होते. तथापि प्रत्येक डोळ्यासाठी १,०८० × १,२०० बिंदूंचे दृश्य, डोक्याच्या व हातांच्या हालचालींचा अचूक माग आणि आवाक्यातील किंमत यांमुळे संशोधकांनी त्यांचा लगेच उपयोग करून घेतला. वैज्ञानिक विदेसाठीच्या आजच्या बहुतेक आभासी प्रणाली त्यानंतरच्या काळातील आहेत.

६. विदेपासून दृश्यापर्यंतची प्रक्रिया

या प्रक्रियेचे चार टप्पे पडतात. पहिल्या टप्प्यात छेद क्रमाने रचून त्यांच्यातील खरे अंतर संगणकाला पुरवले जाते. छेदाच्या प्रतलात बिंदूंमधील अंतर ०.२५ मायक्रोमीटर आणि दोन छेदांमधील अंतर १ मायक्रोमीटर असताना ही दोन्ही अंतरे समान धरली गेली, तर पेशी तिच्या खऱ्या जाडीच्या एक-चतुर्थांश इतकी चपटी दिसेल. दृश्य मोहक असेल, पण चुकीचे असेल.

दुसऱ्या टप्प्यात संख्यांना दृश्यरूप दिले जाते. त्याचे दोन मार्ग आहेत. एका मार्गात ठरावीक मूल्याचे सर्व बिंदू जोडून पृष्ठभाग तयार करतात; विल्यम लॉरेन्सन व हार्वे क्लाइन यांनी १९८७ मध्ये मांडलेली रीत यासाठी प्रसिद्ध आहे. दुसऱ्या मार्गात पृष्ठभाग न काढता प्रत्येक व्हॉक्सेलला रंग व अपारदर्शकता बहाल करतात आणि डोळ्यापासून निघालेली काल्पनिक किरणे या धूसर घनातून पार नेतात. कोणत्या संख्येला किती अपारदर्शक करायचे हे ठरवणाऱ्या नियमाला रूपांतरण फलन म्हणता येईल. हा नियम निरीक्षकच ठरवतो. पुढील सर्व दर्शन या एका निवडीवर आधारलेले असते, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

तिसऱ्या टप्प्यात दोन डोळ्यांसाठी दोन स्वतंत्र दृश्ये डोक्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर नव्याने काढली जातात. सेकंदाला ९० दृश्ये हवी असतील तर प्रत्येक वेळी संगणकाच्या हाती ११ मिलिसेकंदच असतात. साध्या पडद्यावर चित्र अर्धा सेकंद उशिरा आले तर केवळ कंटाळा येतो. शिरस्त्राणात तोच विलंब मळमळ निर्माण करतो. म्हणून प्रचंड विदा जशीच्या तशी न दाखवता दूरचा भाग ढोबळ आणि जवळचा भाग तपशिलाने दाखवण्याची युक्ती योजली जाते.

चौथा टप्पा हाताचा आहे. हातातील नियंत्रकाने विदा धरणे, फिरवणे, मोठी करणे, तिच्यातून छेदपातळी ओढणे, एखादी शाखा बोटाने गिरवावी तशी रेखणे आणि दोन बिंदूंमधील अंतर मोजणे शक्य होते. २० मायक्रोमीटरची पेशी एक लाख पट मोठी केली की ती दोन मीटरची होते आणि निरीक्षक तिच्या केंद्रकाशेजारी उभा राहू शकतो. या तंत्राचा खरा लाभ जेथे पाहायचे तेथेच हात पोचतो यात आहे. माउसच्या सपाट हालचालींतून त्रिमितीय जागा दर्शवण्याची कसरत येथे करावी लागत नाही.

७. उपयोजनाची निवडक क्षेत्रे

अ) पेशीविज्ञान : अमेरिकेतील सिॲटल येथील बेनारोया संशोधन संस्थेशी संबंधित संशोधकांनी २०१८ मध्ये ‘कॉन्फोकल-व्हीआर’ ही प्रणाली सादर केली. कॉन्फोकल छेदांचा संच तीत पेशीच्या घनरूपात दिसतो आणि अनेक संशोधक एकाच वेळी त्याभोवती जमून चर्चा करू शकतात. २०२० मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांच्या सहभागाने ‘व्हीलूम’ ही प्रणाली प्रसिद्ध झाली. तिचा विषय अतिविभेदन सूक्ष्मदर्शनाचा आहे. या पद्धतीत एकेका रेणूचे स्थान स्वतंत्रपणे निश्चित केले जाते, त्यामुळे विदा व्हॉक्सेलच्या ठोकळ्याऐवजी लक्षावधी सुट्या बिंदूंच्या थव्यासारखी असते. अशा थव्यातील एखादा पुंजका हाताने वेगळा काढून त्याचे पृथक्करण करणे या प्रणालीत शक्य होते.

आ) चेताविज्ञान : चेतापेशीची शाखा मेंदूत दूरवर जाते आणि वाटेत सहस्रावधी अन्य शाखांच्या जंजाळातून वळणे घेते. तिचा माग काढणे हे अत्यंत चिकाटीचे काम आहे. यासाठी २०१९ मध्ये ‘टेराव्हीआर’ ही प्रणाली प्रसिद्ध झाली. उंदराच्या संपूर्ण मेंदूच्या विदेतील एकेक चेतापेशी आभासी अवकाशात रेखून काढणे हा तिचा हेतू असून, जेथे शाखांची दाटी अधिक व प्रकाश क्षीण असतो अशा जागी तिचा विशेष उपयोग होतो.

याच क्षेत्रातील दुसरे उदाहरण मात्र वेगळी बाजू दाखवते. २०२४ मध्ये प्रौढ फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा जोडणी-नकाशा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १ लाख ३९ हजार चेतापेशी आणि त्यांच्यातील ५ कोटींहून अधिक सिनॅप्स यांची नोंद आहे. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील ‘फ्लायवायर’ प्रकल्पात प्रथम संगणकाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने पेशी वेगळ्या केल्या आणि नंतर अनेक देशांतील शेकडो सहभागींनी त्यांतील चुका दुरुस्त केल्या. हे दुरुस्तीचे काम इंटरनेटवरून साध्या संगणकांच्या पडद्यांवर झाले. पेशींचे विलगीकरण आधीच चांगले झालेले असेल, प्रत्येक चूक लहान असेल आणि मनुष्यबळ विखुरलेले असेल, तर आभासी वास्तवावाचून मोठे कार्य सिद्धीस जाऊ शकते, हे यावरून दिसते. म्हणून या साधनाची निवड कामाच्या स्वरूपावरून ठरवावी लागते.

इ) रेडिओ खगोलशास्त्र : उदासीन हायड्रोजन १,४२०.४ मेगाहर्ट्‌झ कंप्रतेला, म्हणजे सुमारे २१ सेंटिमीटर तरंगलांबीवर रेडिओ लहरी उत्सर्जित करतो. दीर्घिकेतील वायू आपल्याकडे येत असेल तर ही कंप्रता वाढलेली आणि दूर जात असेल तर घटलेली आढळते. रेडिओ दुर्बीण आकाशाच्या एकाच भागाचे अनेक कंप्रतांना चित्रण करते आणि ही चित्रे एकावर एक रचून विदाघन तयार होतो. त्याच्या दोन बाजू आकाशातील दिशा दाखवतात, तर तिसरी बाजू कंप्रता, पर्यायाने वायूची गती दाखवते.

दक्षिण आफ्रिकेतील आयडीआयए ही आंतरविद्यापीठीय संस्था आणि इटलीतील राष्ट्रीय खगोलभौतिकी संस्था यांच्या सहकार्यातून अशा विदाघनांसाठी ‘आयडाव्ही’ ही आभासी प्रणाली विकसित झाली आहे. संगणकाने ‘हा दीर्घिकेचा संकेत’ म्हणून वेगळा काढलेला भाग निरीक्षक त्यात प्रत्यक्ष न्याहाळतो आणि सुटलेला क्षीण वायू किंवा चुकून आलेला गोंगाट हाताने दुरुस्त करतो. महाराष्ट्राच्या दृष्टीने हा विषय परका नाही. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० ॲन्टेना असलेली महाकाय मीटर तरंग रेडिओ दुर्बीण कार्यरत असून तिच्या निरीक्षणांतूनही अशा प्रकारचे विदाघन तयार केले जातात.

येथे एका धोक्याची नोंद करणे अगत्याचे आहे. फिरत्या दीर्घिकेचा विदाघन शिरस्त्राणातून पाहिला की अवकाशात पीळ पडलेली एक आकृती तरंगताना दिसते. दीर्घिकेचा आकार तसा नसतो. तिची एक बाजू जवळ येत असल्यामुळे आणि दुसरी दूर जात असल्यामुळे गतीच्या अक्षावर हा पीळ उमटतो. जी खोली डोळ्यांना जाणवते ती अंतर नसून गती आहे. हे आधी समजावून दिले नाही तर विद्यार्थ्याच्या मनात त्या दीर्घिकेविषयी चुकीची आकृती कायमची ठसण्याचा संभव आहे.

८. परिणामकारकतेचा पुरावा

या तंत्राने आकलन खरोखर सुधारते का, या प्रश्नाचे उत्तर केवळ उत्साहावर सोडता येणार नाही. या दृष्टीने अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठातील २००८ चा तुलनात्मक अभ्यास उल्लेखनीय आहे. कॉन्फोकल सूक्ष्मदर्शकाची विदा साध्या संगणकावर, डोक्याच्या हालचालीला प्रतिसाद देणाऱ्या त्रिमितीय पडद्यावर आणि केव्ह प्रकारच्या खोलीत अशा तीन रीतींनी दाखवून सहभागींना विशिष्ट कामे देण्यात आली. निरीक्षक दृश्याने जितका अधिक वेढलेला होता, तितकी त्याची कामगिरी सरस ठरली आणि पसंतीही त्याच रीतीला मिळाली.

तथापि असे निष्कर्ष सरसकट लागू करणे योग्य नाही. गुंतलेल्या रचनेतील जोडणी शोधणे, दोन वस्तूंची परस्परस्थिती ओळखणे आणि लांबट शाखेचा माग काढणे या कामांत खोलीचे ज्ञान निर्णायक असते. तेथे लाभ अपेक्षित आहे. एका छेदातील सूक्ष्म तीव्रताभेद ओळखणे, संख्यांची सारणी वाचणे किंवा आलेखांची तुलना करणे या कामांत उत्तम सपाट पडदाच अधिक सोयीचा ठरतो, कारण त्याचे विभेदन चांगले असते आणि शेजारी टिपणे ठेवता येतात.

९. वापरातील दक्षता

पहिली दक्षता उंबरठ्याची. उदाहरणादाखल ० ते २५५ या श्रेणीतील एक विदा घ्यावी. तीत पार्श्वभूमीचा गोंगाट ३० ते ५० दरम्यान, चेतापेशीची मुख्य शाखा १८० आणि एक बारीक फांदी ५५ असे मूल्य दर्शवते असे समजू. अपारदर्शकतेचा उंबरठा ६० ठेवल्यास बारीक फांदी संपूर्ण अदृश्य होते आणि दृश्य मात्र अधिक स्वच्छ दिसते. उंबरठा ४० ठेवल्यास फांदी दिसते, पण तिच्यासोबत गोंगाटाचे ठिपकेही उमटतात. शिरस्त्राणातील निरीक्षकाला स्वच्छ दृश्य अधिक खरे वाटते. जे दिसत नाही ते नाहीच असा ग्रह होणे हा या तंत्राचा सर्वांत मोठा धोका होय. वैद्यकीय विदेत अशा लुप्त फांदीच्या जागी एखादी क्षीण गाठ असू शकते. म्हणून एकच विदा किमान तीन वेगवेगळ्या उंबरठ्यांना पाहणे आणि संशयास्पद जागी मूळ छेदांकडे परतणे बंधनकारक मानले पाहिजे.

दुसरी दक्षता विभेदनाच्या विषमतेची. प्रकाशीय सूक्ष्मदर्शकाचे खोलीच्या दिशेतील विभेदन आडव्या प्रतलातील विभेदनापेक्षा कमी, बहुधा दोन ते तीन पट निकृष्ट असते. त्यामुळे विभेदनमर्यादेहून लहान असलेला गोल मणीदेखील तांदळाच्या दाण्यासारखा लांबट दिसतो. आभासी दृश्यात हा लांबटपणा ठसठशीत जाणवतो आणि तो पेशीचाच गुणधर्म वाटतो. नमुन्यासोबत असे मणी चित्रित करून ठेवणे हा त्यावर सोपा उपाय आहे.

तिसरी दक्षता नोंदीची. आभासी अवकाशात एका संशोधकाला जे दिसले ते समीक्षकाला व वाचकाला तसेच दिसेल याची खात्री नसते, कारण शोधनिबंधात अखेर सपाट चित्रच छापले जाते. यासाठी रूपांतरण फलन, उंबरठा, निरीक्षणाची दिशा, प्रणालीची आवृत्ती आणि मूळ विदा या पाच गोष्टी जतन करून उपलब्ध करून देणे आवश्यक ठरते. अन्यथा निष्कर्षाची पुनर्तपासणी शक्य होत नाही.

चौथी दक्षता शारीरिक आहे. शिरस्त्राणात डोळ्यांचे भिंग एका स्थिर प्रकाशीय अंतरावर केंद्रित राहते, तर दोन्ही डोळ्यांचे वळण दृश्यातील वस्तूच्या अंतरानुसार बदलते. या विसंगतीने डोळ्यांना शीण येतो. काही व्यक्तींना द्विनेत्री खोली जाणवतच नाही, तर काहींना लवकर मळमळते. अशा विद्यार्थ्यांसाठी पर्यायी पद्धत ठेवणे हा सोयीचा नव्हे तर न्यायाचा प्रश्न आहे.

१०. महाविद्यालयीन अध्यापनातील स्थान

साधनांच्या अभावी हा विषय महाविद्यालयाच्या आवाक्याबाहेरचा आहे असा समज होऊ शकतो. वस्तुतः आवश्यक विदा व आज्ञावली बऱ्याच अंशी विनामूल्य उपलब्ध आहेत. छेद हाताळण्यासाठी ‘इमेज-जे’ व ‘फिजी’, वैद्यकीय विदेसाठी ‘थ्री-डी स्लायसर’ आणि रेणूरचनांसाठी ‘कायमेरा-एक्स’ ही शैक्षणिक उपयोगास मुक्त असलेली साधने आहेत. यांपैकी शेवटच्या दोहोंना आभासी वास्तवाचे संच जोडता येतात. प्रथिन विदापेढी, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शन विदापेढी आणि कर्करोग प्रतिमा संग्रह यांतून खरी संशोधन-विदा मिळवता येते. त्यामुळे प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि संगणकशास्त्र हे विभाग एकाच संचाचा सामायिक उपयोग करू शकतात.

मोबाइल फोन पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवून वापरण्याचा स्वस्त पर्याय २०१४ नंतर लोकप्रिय झाला होता. त्यात डोके वळवल्याची नोंद होते, परंतु पुढे-मागे वा बाजूला सरकल्याची नोंद होत नाही. परिणामी गतिजन्य पराशय मिळत नाही आणि हातानेही काही करता येत नाही. परिचयासाठी तो पुरेसा आहे, संशोधनासाठी नाही. त्याहूनही साधा मार्ग म्हणजे एकाच विदेची काही अंशांच्या फरकाने काढलेली दोन चित्रे त्रिमितिदर्शकातून पाहणे होय.

अध्यापनात पुढील प्रात्यक्षिक उपयुक्त ठरेल. विद्यार्थ्यांचे तीन गट करून त्यांना एकाच चेतापेशीची विदा द्यावी. प्रत्येक गटाने प्रथम सपाट छेदांवरून, नंतर आभासी दृश्यातून शाखांची संख्या मोजावी. मात्र दुसऱ्या वेळी प्रत्येक गटाला भिन्न उंबरठा द्यावा. संच एकच असल्यास एका विद्यार्थ्याचे दृश्य भिंतीवर प्रक्षेपित करून इतरांना चर्चेत सामील करून घेता येते. शेवटी तिन्ही गटांची उत्तरे फळ्यावर मांडावीत. ती बहुधा जुळणार नाहीत आणि ती का जुळली नाहीत याची चर्चा हाच त्या प्रात्यक्षिकाचा गाभा ठरेल. निरीक्षणात निरीक्षकाची निवड कशी मिसळलेली असते, हे विज्ञानाच्या पद्धतीतील मूलभूत तत्त्व त्यातून विद्यार्थ्याच्या स्वतःच्या अनुभवास येते.

११. निष्कर्ष

१) त्रिमितीय वैज्ञानिक विदेच्या आकलनात द्विनेत्री दृष्टी, गतिजन्य पराशय आणि हाताची थेट कृती या तिन्हींचा एकत्रित लाभ आभासी वास्तव मिळवून देते.
२) दाट, गुंतलेल्या आणि स्वयंचलित रीतींना दाद न देणाऱ्या रचनांच्या अभ्यासात हे तंत्र सर्वाधिक उपयुक्त आहे. विलगीकरण झालेल्या विदेवरील विखुरलेल्या कामासाठी साधा पडदाही पुरेसा ठरतो.
३) दृश्यातील खोलीचा अर्थ ज्ञानशाखेनुसार बदलतो. पेशीत ती अंतर असते, रेडिओ विदाघनात ती गती असते.
४) रूपांतरण फलनाची निवड दृश्याचे स्वरूप ठरवते. त्यामुळे ती निवड नोंदवणे व प्रसिद्ध करणे हा संशोधनाचाच भाग मानला पाहिजे.
५) मुक्त आज्ञावली व मुक्त विदासंग्रह यांच्या बळावर महाविद्यालयीन स्तरावर आंतरविद्याशाखीय प्रात्यक्षिके सुरू करणे शक्य आहे.

समारोप

पेशीच्या आत उभे राहून तिच्याकडे पाहण्याचा अनुभव निःसंशय विलक्षण आहे. त्या अनुभवातून नवे प्रश्न सुचतात, दुर्लक्षित जोडण्या ध्यानात येतात आणि स्वयंचलित पद्धतींच्या चुका पकडता येतात. परंतु शिरस्त्राण उतरवल्यानंतर संशोधकाने मूळ संख्यांकडे परतावे लागते, कारण दिसलेल्या गोष्टीची सिद्धता तेथेच होते. दर्शनाने प्रश्न उभा करावा आणि मापनाने त्याचे उत्तर द्यावे, ही शिस्त पाळली गेल्यास हे तंत्र विज्ञानाच्या अध्ययनात व अध्यापनात मोलाची भर घालू शकेल.